लॉगिनचे नाव बदलता येते

लग्नानंतर आडनाव बदललेली कर्मचारी, घटस्फोटानंतर माहेरचे आडनाव पुन्हा लावणारी प्राध्यापिका, राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदललेला संशोधक, यांपैकी कोणीही संस्थेच्या संगणक विभागाकडे लॉगिनचे नाव बदलून मागितले, की पुष्कळदा एकच उत्तर ऐकावे लागते: ‘सिस्टिममध्ये ते होत नाही.’ पॅनकार्डावरचे नाव बदलते, बँकेतले बदलते, पासपोर्टही नव्या नावाने मिळतो; संगणकावरची आठ-दहा अक्षरे मात्र नोकरी लागली त्या दिवशी होती तशीच राहतात. विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि सॉफ्टवेअर कंपन्या यांच्या सर्व्हरांचा फार मोठा भाग लिनक्सवर चालतो, आणि लिनक्स, मॅकओएस, फ्रीबीएसडी ही सगळी युनिक्सच्या घराण्यातली. या घराण्यापुरते बोलायचे तर ते उत्तर चुकीचे आहे. माणसाचे नाव बदलले तरी त्याचे काम अडू नये, ही सोय युनिक्सच्या रचनेत सुरुवातीपासून आहे. अडचणी येतात हे खरे. पण त्या मूळ रचनेतून येत नाहीत. नाव जिथे लिहायला नको होते तिथे ते लिहून ठेवल्यामुळे येतात. हा फरक नीट कळला की काय लगेच बदलता येईल, काय सावकाश बदलावे आणि काय तसेच ठेवले तरी बिघडत नाही, हे ठरवणे सोपे जाते.

युनिक्सची सुरुवात १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये झाली. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे तिचे मुख्य शिल्पकार. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करायचे म्हटल्यावर कोण कोण आहे याची नोंद लागणारच. ती नोंद एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवली गेली आणि आजही लिनक्सवर ‘/ईटीसी’ या डिरेक्टरीत ‘पासडब्ल्यूडी’ अशा आखूड नावाने ती सापडते. दर खात्यामागे एक ओळ, ओळीत कोलनने वेगळे केलेले सात रकाने. पहिल्यात लॉगिनचे नाव. दुसऱ्यात पूर्वी सांकेतिक रूपातला पासवर्ड असे. तो पुढे ‘शॅडो’ नावाच्या वेगळ्या, सर्वांना वाचता न येणाऱ्या फाइलमध्ये हलवला गेला. तिसऱ्यात खात्याचा क्रमांक, चौथ्यात गटाचा क्रमांक, पाचव्यात माणसाचे पूर्ण नाव, सहाव्यात होम डिरेक्टरीचा, म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरचा, पत्ता आणि सातव्यात लॉगिन होताच सुरू व्हायचा प्रोग्रॅम. लॉगिनचे नाव, क्रमांक, पूर्ण नाव आणि घराचा पत्ता हे चार वेगळे रकाने आहेत आणि त्यांतला एक बदलला म्हणून दुसरा बदलावा लागत नाही. पुढचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे.

फाइल कोणाची, हे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, नावाने लक्षात ठेवत नाही. डिस्कवरच्या प्रत्येक फाइलची ‘आयनोड’ नावाची एक नोंद असते. तिच्यात फाइलचा आकार, वेळा, परवानग्या आणि मालकाचा क्रमांक असतो. मालकाचे नाव नसते. उबुंटू किंवा डेबियनवर पहिल्या सामान्य वापरकर्त्याला १००० हा क्रमांक मिळतो, मॅकवर ५०१. फाइलींची यादी मागितल्यावर पडद्यावर नाव दिसते, ते यादी दाखवणारा प्रोग्रॅम त्या क्षणी सात रकान्यांच्या फाइलमध्ये क्रमांक शोधून समोरचे नाव छापतो म्हणून. ती ओळ काढून टाकली तर यादीत नावाच्या जागी नुसता आकडा दिसू लागतो. सातबाऱ्यावर गट क्रमांक तोच राहतो आणि फेरफार झाला की खातेदाराचे नाव तेवढे बदलते, जमीन जागची हलत नाही. तसेच हे आहे. सर्वाधिकारी खात्याला आपण ‘रूट’ म्हणतो, पण कर्नलच्या लेखी त्याची ओळख शून्य हा क्रमांक एवढीच. फ्रीबीएसडीमध्ये तर ‘रूट’च्या जोडीला ‘टूर’ नावाचे दुसरे खाते मुळातच दिलेले असते आणि दोघांचा क्रमांक शून्यच आहे. एका क्रमांकाला दोन नावे चालतात, तर एका नावाच्या जागी दुसरे चालायला काय हरकत असणार?

फाइलींच्या बाबतीतही हाच विचार केलेला दिसतो. आयनोडमध्ये मालकाचे नाव जसे नसते तसे खुद्द फाइलचेही नाव नसते. नाव असते ते तिला पोटात घेणाऱ्या डिरेक्टरीत, आयनोडच्या क्रमांकाशेजारी. त्यामुळे होम डिरेक्टरीत तीन फाइली असोत की तीन लाख, ‘/होम/एमजोशी’चे ‘/होम/एमसाने’ करायला क्षणभर पुरतो. आतली एकही फाइल जागची हलत नाही. वरच्या डिरेक्टरीतली एक नोंद बदलते. (हे सगळे एकाच डिस्क-विभागात असेल तरच, दुसऱ्या विभागात न्यायचे तर खरोखरची नक्कल करावी लागते आणि तेवढा वेळ लागतो.) नाव बदलण्यासाठी स्वतंत्र, मध्येच अर्धवट न राहणारी क्रिया कर्नलमध्ये १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून आली. त्याआधी नवी जोडणी करून जुनी तोडणे अशा दोन पायऱ्यांत ते काम होई. म्हणजे खाते आणि डिरेक्टरी या दोन्हींची नावे बदलण्याची हत्यारे चाळीस वर्षांहून अधिक काळ तयार आहेत.

मग अनुभवी अ‍ॅडमिनही या कामाला बिचकतात ते का? उत्तर पाथमध्ये, म्हणजे फाइल किंवा डिरेक्टरीच्या लिहिलेल्या पत्त्यात आहे. होम डिरेक्टरीचा पत्ता एका ठिकाणी नोंदलेला आहे आणि ज्या प्रोग्रॅमला तो हवा असेल त्याने तिथून विचारून घ्यावा, अशी व्यवस्था आहे. लॉगिन होताच तो पत्ता ‘होम’ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवला जातो. शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या प्रोग्रॅममध्ये, टिल्ड हे लाटेसारखे चिन्ह टाइप केले की त्याचाही अर्थ तोच पत्ता. ही खूण बिल जॉय यांच्या सी शेलमधून रूढ झाली. त्या काळच्या एडीएम-३ए टर्मिनलच्या कीबोर्डवर ‘होम’ आणि टिल्ड एकाच बटणावर होते. विचारण्याची इतकी सोपी सोय असताना पुष्कळ प्रोग्रॅम एकदा विचारतात, मिळालेला पूर्ण पाथ आपल्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये जसाच्या तसा लिहून टाकतात आणि पुन्हा कधीच विचारत नाहीत. पायथॉनची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट हे याचे ठळक उदाहरण. तिच्यात बसवलेल्या प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत इंटरप्रिटरचा पूर्ण पाथ असतो; डिरेक्टरीचे नाव बदलले की त्या स्क्रिप्ट चालत नाहीत. पायथॉनचे अधिकृत दस्तऐवजच सांगतात की ती हलवण्याजोगी नाही, नव्याने बनवावी. सीमेकची कॅशे फाइल जुना पाथ पाहून काम नाकारते. फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीतले बुकमार्क पूर्ण पाथनिशी साठवलेले असतात, ते निर्जीव होतात. फोटोंच्या छोट्या प्रतिमाही फाइलच्या पूर्ण पत्त्यावरून काढलेल्या खुणेने साठवलेल्या असतात; त्या मुकाट्याने पुन्हा तयार होतात म्हणून कळत नाही इतकेच. उलट, त्याच डेस्कटॉपवर ‘डाउनलोड्स’, ‘डॉक्युमेंट्स’ ही फोल्डरे कुठे आहेत हे सांगणाऱ्या फाइलमध्ये पाथची सुरुवात ‘होम’ या व्हेरिएबलने केलेली असते आणि नाव बदलल्यावर तिला धक्काही लागत नाही. एकाच संगणकावर दोन्ही नमुने शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे ‘सिस्टिममध्ये होत नाही’ यापेक्षा ‘काही प्रोग्रॅम नीट लिहिलेले नाहीत’ हे विधान सत्याच्या अधिक जवळचे आहे.

होम डिरेक्टरीचा पत्ता हा माणसाच्या ओळखीचा भाग मानू नये, असे युनिक्सचा इतिहासही सांगतो. बेल लॅब्समध्ये सुरुवातीला लोकांची घरे ‘/यूएसआर’ या डिरेक्टरीत होती. पुढे डिस्क भरल्यावर सिस्टिमचे प्रोग्रॅम तिथे शिरले आणि माणसांना दुसरीकडे जावे लागले. लिनक्सने ‘/होम’ स्वीकारले, अ‍ॅपलने ‘/यूजर्स’, सोलॅरिसने ‘/एक्स्पोर्ट/होम’. फ्रीबीएसडीवर वर्षानुवर्षे घरे ‘/यूएसआर/होम’मध्ये असत आणि ‘/होम’ ही तिकडे बोट दाखवणारी सिम्बॉलिक लिंक असे. फेडोराच्या सिल्व्हरब्लू आवृत्तीत आजही ‘/होम’ ही ‘/व्हार/होम’कडे नेणारी लिंकच आहे आणि लोकांना ते जाणवतसुद्धा नाही. घरांचा अख्खा मोहल्ला हलवताना जी युक्ती चालते ती एका घरासाठीही चालते: डिरेक्टरी नव्या नावाने करायची आणि जुन्या नावाची एक लिंक मागे ठेवायची. जुना पाथ लिहून बसलेले प्रोग्रॅम त्या लिंकवरून नव्या जागी पोहोचतात. मग सवडीने एकेक ठिकाण दुरुस्त करता येते.

पाथपेक्षा थोडी अधिक काळजी हवी ती क्रमांकाऐवजी नावावर चालणाऱ्या नोंदींची. ठरावीक वेळी काम करून घेणाऱ्या क्रॉनचे वेळापत्रक वापरकर्त्याच्या नावाच्या फाइलमध्ये असते. टपालपेटीही नावाने असते. सामान्य खात्यातून रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवू देणाऱ्या ‘सुडो’चे अधिकार काही ठिकाणी गटाला दिलेले असतात आणि काही ठिकाणी थेट नावाला, पहिल्या प्रकारात काही बिघडत नाही, दुसऱ्यात नाव बदलताच अ‍ॅडमिनचे अधिकार जातात. दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचच्या सेटिंग्जमध्ये कोणाला आत घ्यायचे त्याची यादी नावांचीच असते. पोस्टग्रेस डेटाबेस ‘पीअर’ पद्धतीने ओळख पटवत असेल तर तो लिनक्सचे नाव आणि डेटाबेसमधले नाव जुळतात का ते पाहतो. रूट नसलेल्या वापरकर्त्याला कंटेनर चालवू देणारे ‘सबयूआयडी’ आणि ‘सबजीआयडी’ हे तक्तेही बहुधा नावानेच लिहिलेले असतात. उबुंटूच्या जुन्या आवृत्त्यांत होम डिरेक्टरी एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय होता, १८.०४ पासून तो इन्स्टॉलरमधून गेला. तशी एन्क्रिप्ट केलेली होम असेल तर तिची खरी सामग्री ‘/होम’मध्येच एका लपलेल्या फोल्डरात जुन्या नावाखाली असते, आणि तिथे घाई केली तर घर उघडतच नाही. ही यादी मोठी वाटली तरी मोजता येण्याजोगी आहे, आणि तिच्यातली प्रत्येक गोष्ट मजकूर शोधणाऱ्या ‘ग्रेप’ या आज्ञेने किंवा फाइलच्या नावावरून सापडते.

हे काम मोठ्या प्रमाणावर करून दाखवल्याचे उदाहरण रास्पबेरी पायचे आहे. तळहाताएवढा हा स्वस्त संगणक शाळांत, हौशी मंडळींच्या टेबलांवर आणि कारखान्यांतही वापरला जातो. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सुरुवातीपासून ‘पाय’ नावाचे खाते तयार येत असे आणि त्याचा पासवर्डही सर्वांना ठाऊक होता. २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक सॉफ्टवेअरने असेच कारखान्यातून आलेले नाव-पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्याच्याजवळ अशा जोड्यांची साठेक नोंदींची यादी होती. सगळ्यांना माहीत असलेले नाव म्हणजे चोराचे अर्धे काम झालेलेच. एप्रिल २०२२ मध्ये रास्पबेरी पायने ते तयार खाते काढून टाकले आणि पहिल्यांदा संगणक सुरू करणाऱ्याने स्वतःचे नाव ठरवावे अशी व्यवस्था केली. इतकेच करून ते थांबले नाहीत. ज्यांच्या यंत्रांवर आधीपासून ‘पाय’ होते त्यांच्यासाठी खात्याचे आणि होम डिरेक्टरीचे नाव बदलून देणारी स्वतंत्र आज्ञाही दिली. ‘पाय’ हे नाव गृहीत धरणारे काही प्रोग्रॅम आणि लेख यामुळे अडखळतील, हे त्यांनी त्याच वेळी उघड सांगितले आणि तरीही बदल केला. माझ्या मते यातली भूमिका मोलाची आहे: एखादे नाव सगळीकडे चिकटले आहे म्हणून ते तसेच ठेवायचे, हे कारण त्यांनी पुरेसे मानले नाही.

प्रत्यक्ष काम करताना क्रम पाळला की बहुतेक संकटे टळतात. आधी बॅकअप घ्यावा. मग अ‍ॅडमिनचे अधिकार असलेले दुसरे खाते तयार करून त्यातून खरोखर लॉगिन करून पाहावे आणि ‘सुडो’ चालते याची खात्री करावी, कारण मधेच काही बिघडले तर तोच परतीचा रस्ता. ज्याचे नाव बदलायचे ते खाते पूर्ण बंद हवे. नुसते लॉगआउट पुरत नाही. मागे काही प्रोसेस चालू राहतात आणि लिनक्सची ‘युजरमॉड’ ही आज्ञा अशा वेळी काम करायला नकार देते. संगणक पुन्हा सुरू करून थेट दुसऱ्या खात्यात शिरणे हा सोपा मार्ग. ‘युजरमॉड’ला ‘एल’ हा पर्याय दिला की फक्त लॉगिनचे नाव बदलते. बाकीचे आपणच पाहावे लागेल, होम डिरेक्टरी आणि क्रॉनच्या फाइली हाताने बदलाव्या लागतील, असे तिच्या माहितीपानातच लिहिलेले आहे. ‘डी’ आणि ‘एम’ हे पर्याय एकत्र दिले की होमचा पत्ता बदलतो आणि डिरेक्टरीही हलते. वापरकर्त्याच्या नावाचा जो खासगी गट असतो त्यासाठी ‘ग्रुपमॉड’ ही वेगळी आज्ञा आहे. त्यानंतर जुन्या नावाची लिंक, मग ‘/ईटीसी’मध्ये आणि होममधल्या लपलेल्या फाइलींत जुन्या नावाचा शोध. ‘सुडो’ची फाइल साध्या एडिटरमध्ये न उघडता ‘व्हिसुडो’नेच उघडावी, चूक राहिली तर ते जतन करण्याआधी सांगते. मॅकवर आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत, पण तिथेही दुसऱ्या अ‍ॅडमिन खात्यातून लॉगिन करणे, ‘यूजर्स’मधल्या फोल्डरचे नाव बदलणे आणि मग सेटिंग्जमधल्या प्रगत पर्यायांत खात्याचे नाव व पत्ता दुरुस्त करणे असाच क्रम अ‍ॅपलने स्वतः दिला आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की एवढी उलाढाल कशाला, नवे खाते उघडा, फाइली कॉपी करा आणि जुने खाते बंद करा. वरवर हे सुरक्षित वाटते. पण पाथचा प्रश्न त्याने सुटत नाही. सेटिंग्जच्या फाइली जशाच्या तशा कॉपी होतात आणि त्यांच्या पोटातला जुना पाथही कॉपी होतो. जो प्रश्न नव्हता तो मात्र नव्याने उभा राहतो. नव्या खात्याला नवा क्रमांक मिळतो, त्यामुळे होमच्या बाहेर, सामायिक डिस्कवर, बॅकअपमध्ये, वेब सर्व्हरच्या डिरेक्टरीत त्या माणसाच्या जेवढ्या फाइली असतील त्या सगळ्यांची मालकी मागे जुन्या क्रमांकाकडे राहते. त्या शोधून बदलाव्या लागतात आणि एखादी राहिलीच, तर पुढे तो क्रमांक ज्या कोणाला मिळेल त्याच्या ताब्यात ती आपोआप जाते. नाव बदलण्यात क्रमांक टिकतो आणि मालकीला हात लागत नाही. ज्या उपायात टिकणारी गोष्ट फेकून द्यावी लागते तो उपाय सुरक्षित म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. सुरक्षेची जबाबदारी ज्यांच्यावर असते ते विचारतात की लॉगमध्ये दोन वर्षांपूर्वीचे जुने नाव आहे, आज खाते नव्या नावाने आहे; उद्या चौकशी झाली तर कोणी काय केले हे कसे सांगायचे? लॉगच्या साध्या मजकुरात नाव असते हे खरे. पण लिनक्सची ऑडिट व्यवस्था लॉगिनच्या वेळचा क्रमांक नोंदवते आणि माणसाने मधे ‘सुडो’ने दुसऱ्याचे अधिकार घेतले तरी तो क्रमांक बदलत नाही. साध्या लॉगसाठी एक ओळीची नोंद पुरते: अमुक तारखेला अमुक क्रमांकाच्या खात्याचे नाव यावरून त्यावर बदलले. गिट वापरणाऱ्या प्रोग्रॅमरांनी हा प्रश्न अशाच रीतीने सोडवला आहे. जुन्या नोंदींना हात न लावता ‘मेलमॅप’ नावाची एक फाइल ठेवायची, म्हणजे जुने आणि नवे नाव एकाच माणसाचे आहे हे अहवालात कळते. खरा धोका वेगळाच आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष जाते: सोडलेले नाव दुसऱ्याला देणे. फाइलींचा गठ्ठा बांधणाऱ्या ‘टार’ या आज्ञेने बनवलेल्या बॅकअपमध्ये मालकाचे नाव आणि क्रमांक दोन्ही असतात आणि रूटने तो उलगडला तर टार आधी नाव शोधतो. नाव सापडले नाही तर क्रमांक वापरतो, म्हणजे नाव बदललेल्या माणसाला त्याच्या फाइली बरोबर मिळतात. पण ते जुने नाव दरम्यान नव्या माणसाला दिलेले असेल, तर पहिल्याच्या सगळ्या फाइली दुसऱ्याच्या नावावर होतात. टपाल, क्रॉन, ‘सुडो’ची एखादी विसरलेली ओळ यांचेही तेच. तेव्हा नियम करायचाच असेल तर ‘नाव बदलायचे नाही’ असा नको; ‘सोडलेले नाव पुन्हा कोणाला द्यायचे नाही’ असा हवा.

तिसरा आक्षेप जास्त ऐकू येतो. पडद्यावर पूर्ण नाव बदलून दिले की झाले, लॉगिनचे नाव कोण बघतो? पुष्कळांसाठी हे खरोखर पुरेसे आहे, आणि पुरेसे असेल तिथे तेवढेच करावे. पाचव्या रकान्यातले पूर्ण नाव कधीही, काहीही न मोडता बदलता येते. ते देवनागरीतही लिहिता येते; ज्या यूटीएफ-८ पद्धतीमुळे हे शक्य झाले ती १९९२ मध्ये रॉब पाइक यांच्यासह आखणारे पुन्हा केन थॉम्प्सनच. लॉगिनच्या नावाला ती मोकळीक नाही. तिथे रोमन लिपीतली छोटी अक्षरे, आकडे आणि एक-दोन चिन्हे चालतात. पूर्वी मर्यादा आठ अक्षरांची होती, आता लिनक्सवर ती ३२ आहे. ज्ञानेश्वर हे नाव आपल्याकडच्या रूढ रोमन स्पेलिंगने अकरा अक्षरांचे होते, म्हणजे जुन्या मर्यादेत ते मावतच नसे. पण लॉगिनचे नाव कोणाला दिसत नाही हे चूक आहे. ते टर्मिनलच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला असते. पडदा सहकाऱ्यांना दाखवताना ते दिसते, मदतीसाठी पाठवलेल्या एरर मेसेजमधल्या पाथमध्ये दिसते, आणि पुष्कळ संस्थांत ईमेलचा पत्ताही त्यावरूनच बनतो. ज्या आडनावाशी आता काही संबंध उरलेला नाही किंवा ज्या नावाने हाक मारलेली नको आहे, ते दिवसातून शेकडो वेळा स्वतःच्या बोटांनी टाइप करावे लागणे हा त्रास आहे, आणि ज्याला तो होतो त्यालाच त्याचे मोजमाप करू द्यावे. तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ओळखीचे प्रमाणपत्र मिळालेल्या व्यक्तीला जन्मदाखल्यावर आणि इतर अधिकृत कागदपत्रांवर आपले पहिले नाव बदलून घेता येते. जन्मदाखल्यावरचे नाव बदलू शकते, तर सर्व्हरवरचे नाव बदलता येत नाही असे सांगणे टिकणारे नाही.

एका संगणकाचे सोडा, आमच्याकडे शेकडो आहेत, हेही खरे असते. एकाच नेटवर्कवर फाइली वाटून घेणाऱ्या एनएफएसच्या जुन्या आवृत्त्या फक्त क्रमांक पाठवतात. तिथे नाव बदलल्याचा काही परिणाम होत नाही. चौथी आवृत्ती नाव आणि डोमेन पाठवते, म्हणून तिथे सर्व यंत्रांवर एकाच वेळी बदल व्हावा लागतो. पण शेकडो यंत्रे असलेल्या संस्थेत खाती बहुधा एलडॅपसारख्या मध्यवर्ती डिरेक्टरीत असतात, आणि तिथे बदल एकदाच करायचा असतो. नोंदीचे नाव बदलण्याची क्रिया एलडॅपच्या मूळ व्यवहारांतच आहे. गटांच्या याद्यांत राहिलेली जुनी नावे त्यासोबत बदलून घेण्यासाठी ओपनएलडॅपमध्ये वेगळी जोडणीही मिळते. विंडोजमध्येही खात्याचे नाव बदलले तरी आतला ओळख-क्रमांक तोच राहतो आणि प्रोफाइलचे फोल्डर जुन्याच नावाचे राहते. लोक तसेच वर्षानुवर्षे काम करतात. यातून एक व्यवहार्य तडजोड निघते. लॉगिनचे नाव लगेच बदलून द्यावे. होम डिरेक्टरीचे नाव बदलायचे की नाही हे त्या माणसाला विचारावे. त्याच्या खात्यात जुने प्रकल्प, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट आणि कंपाइल केलेली कामे खच्चून भरलेली असतील आणि पाथमधले जुने नाव त्याला सलत नसेल, तर सहावा रकाना तसाच ठेवायला काहीच हरकत नाही. आणि पाथही नको असेल, तर लिंक मागे ठेवून तोही बदलावा.

संस्थांनी याहून एक पाऊल मागे जाऊन पाहायला हवे. पहिल्या नावाचे आद्याक्षर आणि पुढे आडनाव अशी लॉगिनची नावे पाडण्याची रीत सोयीची वाटते. पण आपल्या समाजात स्त्रीचे आडनाव बदलण्याची शक्यता पुरुषाच्या कितीतरी पट अधिक असते. काही घरांत लग्नात पहिले नावही बदलले जाई. म्हणजे या रीतीचा भुर्दंड पडतो तो मुख्यतः स्त्रियांवर. नवे खाते उघडताना त्या व्यक्तीला नाव निवडू द्यावे, किंवा आडनावाशी संबंध नसलेले तटस्थ नाव द्यावे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी होमचा पूर्ण पाथ कुठेही साठवू नये, दर वेळी विचारून घ्यावा. आणि नाव बदलून मागणारा अर्ज आला तर संगणक विभागाने त्यावर ‘होत नाही’ असे लिहू नये. कोणत्या तारखेला करू आणि त्या दिवशी खाते किती वेळ बंद राहील, एवढेच कळवावे.